आग्रहाची तिसरी फेरी

आपली संस्कृती किती थोर आहे हे माणसाला घरबसल्या कळत नाही. ते कळायला परप्रांतात जावं लागतं आणि तिथे काही दिवस उपाशी राहावं लागतं. गुंडीच्या बाबतीत या दोन्ही अटींची पूर्तता विनाविलंब झाली, म्हणून अभ्यासाच्या सोयीसाठी इथे तिचंच उदाहरण घेतलं आहे.

गुंडी ही एका लिफ्ट-तपासनिसाची आणि शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाईंची एकुलती एक मुलगी. (लहानपणी तिने आईच्या डब्यातली शर्टाची गुंडी गिळली होती. गुंडी यथावकाश बाहेर आली, नाव मात्र राहिलं.) शाळा संपताच तिने जाहीर केलं की तिला नदीतल्या गाळाचा अभ्यास करायचा आहे. नदी काय वाहून आणते, कुठे टाकते आणि तिथेच का टाकते, हे तिला जाणून घ्यायचं होतं. घरात डॉक्टर, वकील आणि बँक अशा तीन शक्यतांची तयारी ठेवलेली होती. गाळाची कुणीच ठेवली नव्हती. त्यातून हा विषय शिकवणारं विद्यापीठ होतं परक्या प्रांतात, गाडीत बसून अंग आंबून जाईल इतक्या लांब. गाळच हवा असेल तर आपल्या गच्चीवरच्या टाकीत आहे, असं मामांनी सुचवून पाहिलं.

मामांचा शब्द या बाबतीत वजनदार होता, कारण ते त्या प्रांताचे तज्ज्ञ होते. तरुणपणी कुठेतरी जाताना त्यांची गाडी तिकडच्या एका स्टेशनवर थांबली होती आणि ते बाटली भरायला खाली उतरले होते. नळ कुठे आहे, असं त्यांनी एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, त्या खांबामागे. बस्स. तुम्ही कुठले, निघालात कुठे, एकटेच का, पाणी घरून का नाही आणलं, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. बाटली भरेपर्यंत मामांना अख्खा प्रांत कळला होता. (मोठमोठ्या विद्वानांना याहून जास्त वेळ लागतो आणि कळतंही कमी.) तिकडची माणसं तुटक आहेत, हा त्यांचा निष्कर्ष घरात कुणी कधी तपासून पाहिला नाही.

इथे आपल्या प्रांताची कार्यपद्धती नमूद करणं भाग आहे. आपल्याकडे कोणतीही गोष्ट तीनदा विचारली जाते. पहिल्यांदा विचारतात ते विचारायचं म्हणून. त्यावर 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारतात ते पहिल्यांदा विचारलं होतं याची आठवण राहावी म्हणून. त्यावर 'अहो नको, कशाला उगाच' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा 'आता तुमचा इतका आग्रहच असेल तर' असं म्हणून ताट पुढे ओढायचं. या पद्धतीने घेणारा हावरट ठरत नाही, देणाऱ्याला दिल्याचं समाधान लाभतं, आणि ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही तो पहिल्या फेरीनंतर सन्मानाने विषय बदलू शकतो. ढोबळ मानाने, आपल्याकडच्या एकूण नकारांपैकी चौऱ्याण्णव टक्के होकार असतात, पाच टक्के लाज असते, आणि उरलेल्या एक टक्क्यात माणसाचं पोट खरोखरच भरलेलं असतं. त्यालाही वाढतातच.

गुंडीचं विद्यापीठ याच रीतीने ठरलं. बाबांनी विचारलं, जायचंय का तिकडे? ती म्हणाली, नको, तुम्हाला सोडून कशाला. (तिची बॅग तेव्हा भरून कॉटखाली ढकललेली होती.) मग आईने विचारलं. ती म्हणाली, नको गं, इथेच बघते काहीतरी. शेवटी खुद्द मामांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आता तुमचा सगळ्यांचा इतका आग्रहच असेल तर जाते. सगळ्यांना बरं वाटलं. मुलगी आपल्या हट्टाने गेली नाही, आपण तिला पाठवली, असं बाबा पुढे कित्येक दिवस लिफ्ट तपासताना आत उभ्या असलेल्या लोकांना सांगत. लोकही ऐकून घेत, कारण दार बंद असे.

वसतिगृहाच्या खोलीत दोन खाटा होत्या. एक खिडकीजवळ, तिथून नदी दिसायची. दुसरी दाराजवळ, तिथून चपला दिसायच्या. आधी आलेली मुलगी म्हणाली, "खिडकीजवळची हवी का तुला?"

"नको नको, मला कुठेही चालतं," गुंडी म्हणाली आणि दुसऱ्या फेरीची वाट बघत बॅग हातात धरून उभी राहिली.

"बरं," असं म्हणून त्या मुलीने खिडकीजवळ आपली चादर पसरली. गुंडीने मनातल्या मनात तिचं नाव 'खिडकीवाली' ठेवलं आणि त्यानंतर ती चपलांकडे तोंड करून झोपू लागली.

खानावळीत वाढपी विचारायचा, आणखी? ती म्हणायची, पुरे. तो पुढे जायचा. तो वळून येईल म्हणून ती ताटावर बसून राहायची. वळून यायचा तो ताटं उचलणारा. थोड्याच दिवसांत तिचे कपडे सैल झाले आणि आईने शिवलेल्या प्रत्येक कुडत्याला तिला आत टीप घालावी लागली. भाषा दोन्हीकडे एकच होती, त्यामुळे दुभाष्याच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती. मामांचं म्हणणं खरंच आहे, असं तिला वाटू लागलं. परप्रांतात गेल्यावर घरच्या तज्ज्ञांबद्दलचा आदर असा वाढतो.

पण खरा घाव पुढेच होता. गाळ शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मुलं गाळबाई म्हणत. नदीला पाणी चढलं की गाळबाई निवडक मुलांना घेऊन बोटीतून जात आणि मधल्या धारेतलं पाणी बाटल्यांमध्ये भरून आणत. गुंडीने घर सोडलं होतं ते याच बोटीसाठी. बाईंनी वर्गात तिच्याकडे पाहून विचारलं, येणार का बोटीवर? ती नम्रपणे म्हणाली, "मी कसली, माझ्यापेक्षा हुशार आहेत सगळे."

"मग त्यांना घेते," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. दिलेल्या माहितीवर केलेली ती रीतसर कारवाई होती. त्या हंगामात गुंडीने काठावर बसून इतरांनी आणलेल्या बाटल्या धुतल्या.

पहिल्या दिवशी बाटल्या धुऊन आल्यावर ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. खिडकीवालीने दार वाजवून विचारलं, रडतेयस का? गुंडी म्हणाली, नाही. खिडकीवाली 'बरं' म्हणून निघाली. तेव्हा मात्र गुंडीचा धीर सुटला. दार उघडून ती तशीच ओल्या पायांनी तिच्यामागे धावली आणि म्हणाली, हो, रडतेय. आयुष्यातला तिचा हा पहिला सरळ होकार होता, आणि तो रडण्याबद्दलचा होता. खिडकीवालीने तिला खाटेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी खरोखर न समजून विचारलं, "पण मग हो का नाही म्हणालीस?"

हा प्रश्न आपल्या प्रांतात आजवर कुणी कुणाला विचारल्याची नोंद नाही.

मग ती शिकली. आधी खानावळीत 'हो, अजून दोन चमचे' म्हणायला शिकली, मग दुकानात, मग वर्गात. तिकडची माणसं तुटक नाहीत, ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, एवढंच, हे तिच्या ध्यानात आलं. (ही सवय किती धोक्याची आहे हे वेगळं सांगायला नको.) आई फोनवर 'जेवलीस का' हे रिवाजाप्रमाणे तीनदा विचारायची. एकदा गुंडी म्हणाली, आई, एकदाच विचार ना गं, मी खरं तेच सांगते. पलीकडे आईचं शिवणाचं मशीन थांबलं. वर्ष संपता संपता गुंडीने गाळबाईंना जाऊन सांगितलं की पुढच्या हंगामात मला बोटीवर यायचंय. बाई म्हणाल्या, ये. एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकीच अक्षरं लागतात हे बघून तिला हसूच आलं.

सुट्टीत ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी अनर्थ झाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, चहा घेतेस का? गुंडी म्हणाली, "हो, घेते की. साखर कमी."

काकू जागच्या जागी थिजल्या. पहिल्या विचारण्याचा आणि गॅसचा आपल्याकडे काहीएक संबंध नसतो. दूध तर काकूंच्या घरात सकाळपासून नव्हतं. त्या बिचाऱ्यांना खाली जाऊन दूध आणावं लागलं. इमारतीतल्या नऊपैकी आठ घरांत मुलगी हाताबाहेर गेल्याची वार्ता जेवणाआधी पोचली. (नवव्या घराला कुलूप होतं. त्यांना परत आल्यावर सांगण्यात आलं.) आई काकूंकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आली, ती करताना तिने दोनदा चहा नाकारला आणि तिसऱ्यांदा घेतला, तेव्हा कुठे संबंध पूर्ववत झाले. परत आल्यावर आई नुसतं मशीन चालवत बसली, आणि त्याने गुंडीला फार वाईट वाटलं.

मामा म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो. त्यांनी तोवर इथल्याच एका कॉलेजात शब्दही टाकून ठेवला होता. तिथल्या विषयांत गाळ नव्हता, पण पाणी होतं, आणि पाणी आलं की गाळ मागोमाग येतोच, असं त्यांचं मत होतं. फक्त फोन करून हो म्हणायचा अवकाश होता.

सुट्टी संपत आली तशी बैठक बसली. बाबा टेबलाशी, मामा आरामखुर्चीत, आई मशीनपाशी. गुंडीने या वेळी मनाशी पक्कं ठरवलं होतं की घरच्यांना दुखवायचं नाही, अगदी आपल्या रीतीने जायचं. दोनदा नको, तिसऱ्यांदा हो.

"तुला परत जायचंय का तिकडे?" बाबांनी विचारलं.

"नको," गुंडी म्हणाली. "तुम्हाला सोडून कशाला."

"बरं," बाबा म्हणाले.

गुंडीने आईकडे पाहिलं. आई सुईत दोरा ओवत होती आणि तो काही केल्या जात नव्हता. गुंडीने मामांकडे पाहिलं. मामांनी तोंड उघडलं, पण आईने नजर वर करताच ते पाणी प्यायले. दुसरी फेरी काही येईना. बाबांनी चष्मा लावला, कॉलेजचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावला. गुंडीच्या डोळ्यांसमोर बोट काठ सोडून निघाली.

"बाबा, फोन ठेवा," ती म्हणाली. "मला जायचंय. मला बोटीवर जागा मिळाली आहे आणि मला जायचंय."

बाबांनी फोन ठेवला. "अगं, मग आत्ता नको कशाला म्हणालीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही अजून दोनदा विचाराल असं वाटलं मला."

"मीच यांना बजावलं होतं, एकदाच विचारायचं," आई म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना फोनवर. तिकडची पद्धत. म्हटलं, पोरीला बरं वाटेल. मामाला गप्प बसवताना माझ्या नाकी नऊ आले."

म्हणजे मुलीने घरासाठी घरची रीत पाळली होती आणि घराने मुलीसाठी परप्रांताची. एकमेकांचा इतका विचार करणाऱ्या माणसांनी मिळून त्या मुलीचं शिक्षण जवळजवळ बंद पाडलं होतं.

आईने सुई बाजूला ठेवली. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. "घर खायला उठतं. हे खरं ते सांगितलं. पण तू जा."

त्या घरात इतकं सरळ वाक्य याआधी कुणी बोललं नव्हतं. बाबांनी चष्मा काढून उगाच पुसला. गुंडी उठली, आईच्या स्टुलाशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिने तिला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून आई आधी रडली आणि मग इतकी हसली की काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. गुंडी त्याच आठवड्यात परत गेली.

ती गोष्ट काय होती ते आम्हाला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ही सगळी कथा आम्ही तिच्यासाठीच लिहायला घेतली. वाचकहो, ऐकायची आहे का?

नको म्हणता? उगाच आम्हाला त्रास कशाला?

बरं.