सासऱ्यांच्या पलंगातलं पिंप

स्टाउटसारखी काळी, दाट बिअर घरी करायला दोनच गोष्टी लागतात, अक्कल आणि धीर. आणि माझ्याकडे दोन्ही मुबलक आहेत! हे वाक्य मी आमच्या फुटी क्लबच्या, म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबच्या, बारमध्ये, भर गर्दीत, ग्लास उंचावून म्हणालो. त्या वेळी कोणी माझं तोंड दाबायला हवं होतं. कोणी दाबलं नाही. उलट टाळ्या वाजवल्या मेल्यांनी!

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझे सासरे, कॉन टिअर्नी. तरुणपणी आयर्लंडातल्या क्लेअरहून निघाले आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, इथे व्हिक्टोरियात, आमच्या कोरॉइटजवळच्या बटाट्यांच्या मुलखात येऊन पडले. तेव्हापासून त्यांची एकच रड. "तुमच्या या देशात सगळं आहे जावईबापू, पण स्टाउट म्हणून जे देतात ना, ते बूट धुतलेलं पाणी!" आणि हे म्हणताना बघायचे असे, की जणू बूट माझे आणि धुतलेही मीच!

तर पुढच्या महिन्यात त्यांची ऐंशी पूर्ण होत होती. मी ठरवलं, म्हाताऱ्याला घरच्या स्टाउटनं असा गार करतो की डोळ्यांत पाणी यायला पाहिजे.

माल्टच्या अर्काचे दोन डबे आणले. दिसायला थेट काकवी, आणि चिकटपणात काकवीची थोरली बहीण! एक चमचा खाली सांडला, तर आमच्या कुत्रीचा पंजा फरशीला असा चिकटला की ती तीन पायांवर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. जव काळेकुट्ट होईपर्यंत भाजले, हॉप्सची कडू फुलं घालून सगळं उकळलं, गार केलं, पिंपात ओतलं, वर यीस्ट भुरभुरवलं. झाकणाला एक वाकडी नळी असते, पाणी भरलेली. आत बिअर आंबायला लागली की त्या नळीतून बुडबुडे येतात. बुळुक, बुळुक. तो आवाज आला की समजायचं, बाळ जिवंत आहे.

आमचं बाळ गप्प! जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, समुद्रावरून येणारा तो हाडं पोखरणारा वारा आणि कपडे धुवायच्या खोलीत ठेवलेलं पिंप. दोन दिवस वाट पाहिली. मग धीर संपला आणि अक्कल वापरली. यीस्टचं आणखी एक पाकीट घातलं. वर साखर घातली. तरी ढिम्म!

शनिवारी सकाळी माझी बायको नोरीन वडलांना घेऊन मॅचला निघाली. सासरेबुवा तेव्हा आमच्याकडेच राहत होते, खोकल्यानं जाम झालेले. जाताना नोरीन कानाशी लागली. "डेस, संध्याकाळच्या बसनं आत्या येतेय. बाबांना ठाऊक नाही. क्लबात दोन ग्लास पोटात गेले की मी हळूच सांगते. तू फक्त घर आवर. दुसरं काही करू नकोस. काही म्हणजे काही नको!"

आत्या म्हणजे सिस्टर अट्रॅक्टा, सासऱ्यांची थोरली बहीण, बॅलारॅटच्या मठात असते. ही दोघं भावंडं कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये अकॉर्डियन वाजवायचा असं कॉननं ठरवलं होतं आणि आत्यानं तो भर चर्चमध्ये त्यांच्या हातातून हिसकावून घेतला होता. नोरीनला वाढदिवसाआधी समेट घडवायचा होता.

मी घर आवरलं. आवरता आवरता सासऱ्यांच्या पलंगावरची, अंथरूण तापवणारी विजेची चादर दिसली. आणि माझ्या डोक्यात... काय सांगू, अक्कलच ती!

दुपारपुरतं पिंप पलंगावर ठेवलं. उशीला टेकवून, अगदी बसतं केलं. भोवती गरम चादर, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. वरून गळ्यापर्यंत रजई. झाकणाला वारा लागू नये म्हणून सासऱ्यांची लोकरी टोपी. पडदे ओढले आणि शेडमध्ये बाटल्या धुवायला गेलो.

परत आलो तो स्वयंपाकघरात एक काळी पिशवी! आत्या बसची वाट न बघता कोणाच्या तरी गाडीतून आधीच येऊन ठेपली होती. आणि सासऱ्यांच्या खोलीतून तिचा आवाज येत होता.

"कॉन, मी आलेय रे."

"बुळुक," पिंप म्हणालं.

"नको बोलूस. केवढा कफ भरलाय तुझ्या छातीत!"

मी दाराच्या फटीतून डोकावलो. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चष्म्याच्या काचा ॲशट्रेएवढ्या जाड, आणि खोलीत अंधार. तिनं पिंपाशेजारी खुर्ची ओढली होती आणि रजईवर हात ठेवला होता.

"अजून रागावलायस माझ्यावर?"

"बुळुक."

"खूप?"

"बुळुक, बुळुक."

आत शिरून सांगणार होतो, देवाशपथ! पण तेवढ्यात ती रडायला लागली. "तुला वाजवू द्यायला हवं होतं, कॉन. आईला आवडलं असतं ते. लोक काय म्हणतील म्हणून मी तुझ्या हातातून काढून घेतला. रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते आणि फोन उचलायला हात धजत नाही."

आता तुम्हीच सांगा! चौऱ्याऐंशी वर्षांची जोगीण मनातलं सगळं ओकतेय, आणि मी जाऊन सांगू, की आत्याबाई, तुम्ही बिअरच्या पिंपापाशी रडताय? मी दाराआडच उभा राहिलो.

आणि पिंप एकदम गप्प झालं.

"कॉन? कॉन, बोल ना! डेसमंड! अरे धाव, याचा श्वास थांबला!"

मी धावलो. नळीत फेस अडकला होता! पिंपाचा श्वास थांबला नव्हता, कोंडला होता!

"आत्या, बाजूला व्हा! ते बाबा नाहीत!"

"हो रे बाळा," ती डोळे पुसत म्हणाली, "आता तो आपला राहिला नाही, देवाचा झाला."

"तसं नाही! ते पिंप आहे, पिंप!"

"झालाय खरा पिंपासारखा. पोट बघ किती फुगलंय! आणि अंग कसं भट्टीसारखं तापलंय! मी जन्मभर आजाऱ्यांची सेवा केली, डेसमंड. ही शेवटची लक्षणं. फादरना मी फोन केलाय."

"कधी?"

"आल्या आल्याच. त्याचा आवाज ऐकला आणि ओळखलं."

दारात गाडी थांबलीच. फादर तुआन उतरले, व्हिएतनामी माणूस, बोलणं मोजकं. गळ्यात जांभळा पट्टा, हातात मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र अभ्यंगाच्या तेलाची डबी. समोरच्या घरातला पडदा हलला, म्हणजे डिम्प्ना ग्लीसननं पाहिलं, म्हणजे गावाला कळलं!

मी त्यांना पडवीतच गाठलं आणि कानात सांगितलं, "फादर, आत बिअर आहे."

"नंतर, डेस," ते माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "आधी काम."

"अहो, पलंगात बिअर आहे!"

"दुःखात माणूस पितो. मी समजू शकतो."

आणि ते आत गेले. मी पाठोपाठ. आत्यानं गुडघे टेकले होते. फादरनी डबी उघडून अंगठा तेलात बुडवला. आत्यानं भावाच्या डोक्यावरची टोपी मायेनं वर उचलली. फादरनी कपाळावर अंगठा टेकवला, थबकले, पुन्हा टेकवला, आणि वाकून नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही!

"डेस," ते हलकेच म्हणाले, "याच्या डोक्यावर नळी का आहे?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर पिंपानं दिलं.

धडाम!

झाकण छताला जाऊन आदळलं, आणि त्यामागोमाग काळा फेस, कारंज्यासारखा! छत काळं, भिंती काळ्या, पडदे काळे, फादर काळे, आत्या शिरोवस्त्रापासून बुटांपर्यंत काळी! डबीतलं तेल गेलं थेट पिंपात. आणि त्या फेसातून आत्याची किंकाळी उठली, ती खालच्या आळीतल्या गाईंनीही ऐकली असेल.

"कॉन फुटला! देवा, माझा कॉन फुटला!"

तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं.

तिकडे क्लबात काय झालं होतं, तर नोरीननं धीर करून आत्याचं नाव काढलं होतं आणि सासरेबुवा ग्लास आपटून गरजले होते, "ती त्या घरात असेल तर मी नाही!" आणि त्याच घटकेला डिम्प्नाचा फोन बारवर आला. हॅनराहनांच्या, म्हणजे आमच्या, घरी फादर शिरलेत, म्हातारं टिअर्नी गेलं. कोणतं म्हातारं, ते ती बोलली नाही. मॅच बघणाऱ्यांनी टोप्या काढल्या. आणि समोर धडधाकट बसलेल्या कॉनला वाटलं, गेली ती बहीण!

"ॲटी!" खोकत, धापा टाकत म्हातारा खोलीच्या दारात आला. तोंड पांढरंफटक. "माझी ॲटी कुठाय? मी आत्ताच म्हणालो, की ती असेल तर... मला तसं म्हणायचं नव्हतं गं!"

जमिनीवरचा काळा ढीग हलला. त्यातून दोन हात पुढे आले आणि म्हाताऱ्याचा चेहरा चाचपू लागले. नाक, कान, दाढीचे खुंट.

"कॉन? तू आत्ता फुटलास ना रे?"

"मी? मी मॅचला होतो! आपण हरतोय!"

आणि मग दोघंही त्या चिखलात बसून, गळ्यात गळा घालून रडायला लागली. नोरीन दारात उभी. तिनं छताकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पिंपामागे सरकलो.

"काही म्हणजे काही नको, म्हणाले होते ना मी?" एवढंच बोलली. पण तिचेही डोळे भरले होते, म्हणून वाचलो!

तोवर पडवीत गर्दी! डिम्प्ना अंड्याच्या सँडविचचा ट्रे घेऊन सर्वांत पुढे, मागे अख्खा क्लब. कॉनला बघून तिनं ट्रे मागे ओढला. "अगं बाई, हा तर जिवंत!" तिचा सूर थोडा नाराजीचाच वाटला.

पिंपात अर्धं उरलं होतं. मी ते मोरीकडे ओढायला लागलो, तशी आत्या कडाडली. "खबरदार! अभ्यंगाचं तेल पडलंय त्यात. गटारात ओतणार?"

सगळे फादरकडे बघायला लागले. फादरनी भुवईवरचा फेस पुसला, बोट चाटलं आणि विचार केला. "नियम मला आठवत नाही," ते म्हणाले. "पण सँडविच आलीच आहेत."

मी पहिला ग्लास सासऱ्यांना दिला. कोमट, गढूळ, अर्धकच्चं. ते आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, पाठ करून, बहिणीचा हात धरून. थोड्या वेळानं रिकामा ग्लास पुढे आला.

"आणखी घाल, जावईबापू."

माझा ऊर भरून आला! ते मागतायत म्हटल्यावर सगळ्यांनीच मागितलं. पिंप तळापर्यंत खरवडलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आमच्या गावाच्या इतिहासातली सर्वांत छोटी मिस्सा ठरली. वाचन चालू असतानाच फादर तुआन वेदीवरून जे निघाले, ते मागच्या दारानं थेट परसात! त्यांच्या मागे क्लबचा कॅप्टन, त्याच्या मागे डिम्प्ना. चर्चला संडास एकच. बाहेर रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण मला शिव्या घालतोय. तेही कळवळून, पोट धरून!

सबंध गावात ठणठणीत माणूस एकच. कॉन टिअर्नी! मी अभिमानानं नोरीनला म्हटलं, "बघ, खऱ्या आयरिश पोटाला खरं स्टाउट बाधत नाही."

ती सासऱ्यांच्या खुर्चीमागे वाकून काहीतरी बघत होती. तिथल्या कुंडीतला तिचा आवडता नेचा मान टाकून पडला होता, आणि मातीवर काळा फेस वाळला होता.

"बाबा, याला काय झालं?" तिनं विचारलं.

सासऱ्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "वय झालं असेल त्याचं," ते म्हणाले.