कोरड्या हातांना लावा

माझे हात कधी स्वच्छ होणार नाहीत, असं म्हणणाऱ्याला एकदा दाखवूनच द्यायचं मी ठरवलं होतं. असं म्हणणारी व्यक्ती जगात एकच, माझी बायको. पण ती एकटी दहा जणांना पुरून उरते.

मी गॅरेजवाला. गाडी वळणावर असतानाच तिचा आवाज ऐकून दुखणं सांगतो. त्या बाबतीत आपला हात धरणारा कोणी नाही, आणि खरं तर कुठल्याच बाबतीत माझा हात कोणी धरत नाही. घरात मला दाराची कडी कोपराने काढावी लागते. माझा टॉवेल वेगळा, माझी खुर्ची वेगळी, आणि वर्तमानपत्र सगळ्यांचं वाचून झाल्यावर मला मिळतं. कोणी भेटलं की मी हात पुढे करत नाही, मनगट पुढे करतो. समोरचा ते धरून हलवतो आणि स्वच्छ राहतो. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात.

मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण लेकीने लग्न ठरवलं आणि सगळं फिरलं. म्हणजे तिचं आणि मुलाचं ठरलं होतं, आईबापांचं ठरायचं बाकी होतं. मुलगा मला पहिल्याच भेटीत आवडला, कारण त्याने माझं मनगट न बिचकता धरलं. त्याचे वडील छापखान्यात मशीन चालवतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. रविवारी ते तिघं चहाला येणार होते.

"बाबा, एक सांभाळा," लेक म्हणाली. "त्याच्या वडिलांना खोटेपणा अजिबात खपत नाही. मोठ्या भावाच्या वेळी मुलीकडच्यांनी भाड्याचं घर स्वतःचं म्हणून सांगितलं, तर हे चहाला हात न लावता उठून आले. ते लग्न मोडलं ते मोडलंच."

मी म्हटलं, आपल्याकडे खोटं आहे काय? गॅरेज आपलं, घर आपलं, मुलगी तर आपली आहेच. पण बायको हात धुऊन माझ्या मागे लागली. त्या हातांनी तुम्ही पाहुण्यांपुढे बसणार का, त्या हातांनी बिस्किटांची बशी पुढे करणार का, असं तिचं रोज सुरू झालं. रॉकेल झालं, लाकडाचा भुसा झाला, कपडे धुण्याची पावडर झाली. हात जसेच्या तसे. शेवटी शनिवारी स्पेअर पार्टच्या दुकानातून मी तो डबा आणला. खास मिस्त्री लोकांसाठी केलेली, केशरी रंगाची, दगडाची बारीक भुकटी घातलेली पेस्ट. झाकण उघडलं की संत्र्याच्या सालीचा असा वास सुटायचा की आमचं मांजर घर सोडून गेलं.

रविवारी सकाळी मी बाही सारून बेसिनपाशी उभा राहिलो. झाकणावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. पण हात कसे धुवायचे हे झाकणाने मला शिकवायचं? मी नळ सोडला, हात ओले केले, ओंजळभर पेस्ट घेतली आणि घासायला लागलो. काळं ढिम्म हललं नाही. आणखी पेस्ट घेतली, आणखी घासलं. तळवे जळायला लागले तेव्हा बायकोने झाकण उचललं आणि मोठ्याने वाचलं: "कोरड्या हातांना लावा. काळं सुटेपर्यंत चोळा. पाणी नंतर." वाचून तिने माझा टॉवेल माझ्या अंगावर फेकला.

मग हात पुसून कोरडे केले आणि लावली. काय सांगू! इंजिनातलं जुनं ऑइल वितळावं तसं काळं वाहून गेलं. खाली माझे हात होते. लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होते. पण मनगटापर्यंत गुलाबी आणि पुढे काळा, म्हणजे मी हातमोजे घालून चहाला बसलोय असं दिसत होतं. म्हणून कोपरापर्यंत घासलं. मग मान तशीच दिसायला लागली, म्हणून मानही घासली.

तिथे थांबायला हवं होतं. पण यशाची धुंदी वाईट. दिवाणखान्यातल्या दिव्याच्या बटणाशेजारी माझ्या अंगठ्याचा वर्षानुवर्षांचा ठसा होता, त्यालाही बोटभर पेस्ट लावली. ठसा गेला. त्याच्या जागी बशीएवढा पांढराशुभ्र गोल उमटला आणि त्यामुळे बाकीची भिंत किती मळलीय ते सगळ्या घराला समजलं. गोल भिंतीत मिसळावा म्हणून मी कडा घासल्या, तर बशीची परात झाली. बायको मागे येऊन उभी राहिली तेव्हा मी खिळा ठोकून त्या परातीवर कॅलेंडर टांगत होतो. बटण कमरेच्या उंचीवर, म्हणून कॅलेंडरही कमरेच्या उंचीवर.

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं आणि सवयीप्रमाणे मी मनगट पुढे केलं. बायकोने मागून चिमटा काढला, तशी घाईघाईने तळहात पुढे केला. मुलाच्या वडिलांनी तो धरला आणि तिथेच खाली बघत राहिले. मीही बघितलं. त्यांचा हातही गुलाबी! छापखान्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या नखात शाईचा ठिपका नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्याही मनात चुकचुकली असावी, कारण त्यांनी बसता बसताच विचारलं, गॅरेजवर तुम्ही स्वतः काम करता की नुसतं बघता?

आता मिस्त्रीला 'नुसतं बघता का' विचारणं म्हणजे काय असतं ते मिस्त्रीलाच ठाऊक. मी म्हटलं, गाडीखाली मीच झोपतो, पण तुमचं छापखान्यातलं काम बहुतेक टेबलावरचं असेल. त्यांच्या मिशा थरथरल्या. मुलाच्या आईने विषय बदलायला कॅलेंडरकडे बघून विचारलं, हे इतकं खाली का लावलंय? बायको म्हणाली, यांना बसल्या बसल्या तारीख दिसावी म्हणून. बसून काम करणारा माणूस, हे मग आपोआपच सिद्ध झालं.

चहा आला. वाफाळता, काठोकाठ. मी कप धरला आणि सोललेल्या बोटांतून अशी कळ गेली की कप तसाच खाली ठेवला. समोर बघतो तर मुलाच्या वडिलांनीही कप उचलून लगेच ठेवलेला. हेच ते चहाला हात न लावणं! त्यांनी परत बोटं लावली, परत काढली. इकडे मी पीत नाही हे मुलाच्या आईला दिसत होतं आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मुलीच्या बापालाच आपण पसंत नाही, असं तिला वाटलं असणार. दोन्ही कपांवर साय धरली. मुलगा लेकीकडे बघत होता, लेक माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी स्वतःला शिव्या घातल्या. काळेच हात घेऊन बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

मुलाच्या वडिलांनी खुर्ची मागे सरकवली आणि उठले. लेकीने डोळे मिटले. पण ते दाराकडे गेले नाहीत. हातांवर जरा पाणी घेतो, असं पुटपुटत आत बेसिनकडे गेले.

नळ सुरू झाला. मग एकदम बंद झाला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात माझा केशरी डबा होता. माझ्यासमोर उभं राहून, कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे कोरड्या हातांना लावायचं की ओल्या?"

"कोरड्या!" मी उडालोच. "पाणी लागलं की संपलं. काळं तसंच राहतं आणि कातडी निघते. मी सकाळीच काढून घेतलीय."

ते खाली बसले. दोन्ही तळवे त्यांनी माझ्यापुढे उलटे केले. माझ्यापेक्षा लाल होते, दोन बोटांवर तर सालं निघाली होती.

"मीही असाच डबा आणला आणि सगळा ओल्याच हातांना संपवला," ते म्हणाले. "ही म्हणाली, मुलीच्या घरी जायचंय, शाई काढून या. शाई निघेना, म्हणून घासणीने काढली. दारात तुमचा हात बघितला आणि वाटलं, हा मिस्त्री खोटा. आणि मी स्वतः काय करून आलोय!"

मी माझे तळवे त्यांच्या तळव्यांशेजारी ठेवले. आधी कोण हसलं ते आठवत नाही. लेक मात्र हसता हसता रडत होती. मी कॅलेंडर काढून त्यांना भिंतीवरची परात दाखवली. त्यांनी ती नीट निरखली आणि काम चांगलं झालंय म्हणाले. चहा पुन्हा गरम करून आला. आम्ही दोघांनी कप टॉवेलात धरून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि बशीसुद्धा सोडली नाही.

निघताना मी मनगट पुढे केलं. त्यांनीही मनगटच पुढे केलं. दोन मनगटं एकमेकांवर आपटली आणि लग्न ठरलं.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भिंत उरली होती. लग्नाच्या घरात असली भिंत चालणार नाही, असं बायकोने पाहुणे जिना उतरत असतानाच जाहीर केलं. उरलेला डबा घेऊन मी संध्याकाळपर्यंत ती अख्खी भिंत घासली. भिंत स्वच्छ निघालीच, पण सोबत माझ्या हातांवर नखांच्या कोपऱ्यात दडलेलं जे काही काळं राहिलं होतं तेही साफ निघालं.

सोमवारी गॅरेज उघडून उभा होतो. एक नवीन गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?"

"येतील एवढ्यात," म्हटलं, आणि मागे जाऊन दोन्ही हात ग्रीसच्या डब्यात बुडवून आलो.