शंभर फुटांचा वादळ्या

सर्जेराव वेळ फुटांत मोजायचा. मिनिटं, तास ही भानगड त्याला मान्यच नव्हती. कुपवाडच्या आमच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि मी टाइम ऑफिसात. म्हणजे सगळ्यांच्या हजेरीचं घड्याळ माझ्या ताब्यात, आणि माझा जिवलग मित्र असा! "चहा आला का रे?" म्हणून विचारावं तर म्हणायचा, "टपरीवरनं निघालाय. ईस फुटांत येतोय." साहेबांनी झापलं की बाहेर येऊन सांगायचा, "आज लय ताणलं गड्या. दोनशे फूट तरी गेलं असतील." एकदा उशिरा आला म्हणून मी त्याच्या नावापुढं लाल शेरा मारायला घेतला, तर मलाच दम देतो, "आरं, साठ फुटांचा तर उशीर, त्येला लाल कशाला करतोस?" नव्या माणसाला वाटायचं, हा गडी आधी गवंडीकाम करत असणार.

हे फूट सिनेमाच्या रिळाचे होते. एका मिनिटात छत्तीस फूट रीळ पळतं, हे ज्ञान त्यानं माझ्या इच्छेविरुद्ध मला दिलं होतं. नव्वदीच्या दशकात लग्नाची शूटिंगं सगळीकडं व्हिडिओवर व्हायला लागली, तेव्हा मिरजेच्या एका स्टुडिओवाल्यानं जुना चावीचा कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर अडगळ म्हणून बाहेर काढला. ती अडगळ सर्जेरावानं डोक्यावर घेऊन घरी आणली. बरोबर एकच कोरं रीळ मिळालं. शंभर फूट, म्हणजे पुरती तीन मिनिटंसुद्धा नाहीत. शहाण्या माणसानं त्यात एखादं बारसं उरकलं असतं. सर्जेरावानं ठरवलं, उडणाऱ्या सुपरहिरोचा सिनेमा काढायचा.

हिरोचं नाव वादळ्या. दिवसा लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलणार, आणि कुणावर संकट आलं की पाठीला कापड बांधून उडणार. हा वादळ्या म्हणजे मी! माझी छाती बघून कुणी मला हमालसुद्धा म्हटलं नसतं, हिरो तर लांबच. पण सर्जेरावाचं उत्तर तयार होतं, "पैलवान घेतला तर फळी मोडंल. तू हलका हायस."

फळी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं बांधलेली. तिच्यावर मी पालथा पडायचा, दोन्ही हात पुढं करायचे, आणि सर्जेराव ट्रॉलीच्या कडेला लोंबकळत खालून कॅमेरा धरायचा, म्हणजे ट्रॉली दिसत नाही आणि माणूस आभाळात दिसतो. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला की वादळ्याचे दात वाजायचे. मागून गावातलं एक तांबडं कुत्रं भुंकत धावायचं. शेजारनं कांद्याचा ट्रक गेला, की वादळ्या त्याच्यावरनं उडाला असं धरायचं. पाठीला बांधलेलं कापड म्हणजे सर्जेरावाच्या आईचं हिरवं इरकली लुगडं. "नुसतं बांध, फाडू नगंस," एवढ्या एका अटीवर तिनं ते ट्रंकेतून काढून दिलं होतं.

सर्जेरावाचं गाव लोणंदच्या पलीकडं. शनिवारी कारखाना सुटला की आम्ही सांगलीहून गाडी धरायचो आणि सुट्टीभर शूटिंग. घरात तो आणि त्याची आई. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. सर्जेरावानं लग्न केलं नव्हतं, विषय काढला की म्हणायचा, "आदी पिच्चर हू दे." आक्का ठेंगणी, पण आवाज असा, की हाक मारली तर वेशीवरची म्हैस मान वर करायची. "आय माझी पाच फूट," सर्जेराव म्हणायचा, "पर धाक शंभर फुटांचा."

रीळ घातलं त्या दिवशी पहिला मान आईचा. "बोहनी तुज्यावर," म्हणत त्यानं कॅमेऱ्याला चावी दिली. आक्का उंबऱ्यात बसून कांद्याची पात निवडत होती. तिनं पातीची जुडीच त्याच्यावर उगारली. "मेल्या, माझं काय काढतोस? जा, तकडं उडणाऱ्याचं काढ!" आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. बोहनी झाली.

त्यानंतर मात्र सर्जेराव रिळाला हात लावू देईना. दिवसभर तालीम करायचा, ऊन बघायचा, ढग बघायचा, आणि शेवटी दोन फूट खर्चायचा. कधी तर अर्धाच. "आज नगं. उजेड पातळ हाय," म्हणायचा, आणि मी दिवसभर फळीवर पोट घासून कोरडाच परत. असं किती दिवस चाललं? दुसऱ्या वर्षीचा कांदासुद्धा बाजारात येऊन गेला, तरी वादळ्याचं जग वाचवणं अर्ध्यावरच होतं.

पण गावानं जीव टाकला होता त्या सिनेमावर. शूटिंगला सगळं गाव बांधावर बसायचं. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी चुन्यानं लिहिलं होतं, 'वादळ्या येतोय'. पावसानं ते पुसायचं, की कुणीतरी परत लिहायचं. एसटीचा कंडक्टर विचारायचा, न्हावी विचारायचा, "सर्जादादा, कवा येतंय?" याचं उत्तर ठरलेलं, "येतंय. दम धरा." मी फलटणला मुलगी बघायला गेलो, तर आतल्या दारातून मुलीची आजी ओरडली, "आवं, ह्यो तर वादळ्या!" ते लग्न जमलं. माझ्या बायकोला आजही वाटतं, मी कधीतरी उडेन.

या सगळ्यात एकच माणूस वैतागलेला. बबन व्हिडिओवाला. लोणंदला त्याचं दुकान होतं, पंचक्रोशीतली लग्नं त्याच्याकडं. एके दिवशी तो मुठीत मावेल एवढा नवा कॅमेरा घेऊन आला. "सर्जादादा, ह्ये डिजिटल हाय. आत्ता काढा, आत्ता बघा. चुकलं तर परत काढा."

"डिजिटल घड्याळात असतंय," सर्जेराव म्हणाला.

"आवं, आता कॅमेऱ्यातबी आलंय!"

"मग तर नगंच. आत्ता काढलं, आत्ता बघितलं, तर मानसानं वाट कशाची बगायची?"

बबननं माझ्याकडं बघितलं. आवाज बारीक करून मला म्हणाला, "दादा, वाट बगायला आक्कांचं डोळं थांबत्याल का?"

तेच तर होतं. आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आणि राहिलेलीही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आणि हा पठ्ठ्या ढग बघत बसलेला! मला त्याचा खरंच राग आला. परतीच्या गाडीत मी त्याला नको नको ते बोललो. हट्टी आहेस, आईपेक्षा तुला ते रीळ मोठं झालंय, सगळं बोललो.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आय मला जत्रंतल्या तंबूत पिच्चरला न्यायची. मी मांडीवर, आन माज्या डोक्यावरनं तिचं डोळं पडद्यावर. टीव्हीला ती सिनेमा म्हणतच न्हाई. खोकं म्हणती. खोक्यातली मानसं बारकी असत्यात म्हणती. तिला मोठं दाखवायचंय गड्या. एकदा." तेव्हापासून मात्र त्यानं घाई केली. पाच-पाच, दहा-दहा फूट खर्चायला लागला, आणि एका रविवारी दुपारी शंभर फूट संपले. घोंगडीखाली शिरून, अंधारात चाचपत त्यानं रीळ कॅमेऱ्यातून काढलं, डब्यात घातलं, डबा फडताळात ठेवला. रीळ धुवायला, म्हणजे त्यावर चित्रं उमटवून घ्यायला, मुंबईला पाठवायचं होतं. गावात बातमी पसरली, वादळ्या संपला! आम्ही दोघं नीरेवर पोहायला गेलो.

परत आलो तर आक्का अंगणात उन्हात बसलेली. मांडीवर उघडा डबा. आणि सगळ्या अंगणात, तुळशीपाशी, तिच्या पायांत, हातांत, ते रीळ. एक पट्टी तिनं दोन्ही हातांत ताणून सूर्यासमोर धरली होती. लहानपणी सर्जेराव तंबूमागं पडलेले रिळाचे तुकडे आणून असेच उन्हाला धरून बघायचा, ते तिनं बघितलेलं. गाव सारखं विचारत होतं, तिलाही राहवलं नाही. पण न धुतलेल्या रिळाला ऊन लागलं की सगळं संपतं, हे तिला कोण सांगणार?

आमची चाहूल लागली तशी तिनं मान वळवली. तोंड पांढरं पडलेलं. "सर्जा," ती म्हणाली, "मला कायच दिसंना रं. मघापासनं बघतीया. तू न्हाईस, त्यो उडणारा न्हाई, कायच न्हाई. माझं डोळं गेलं रं."

सर्जेराव दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. किती वेळ ते मला माहीत नाही, मी त्या दिवशी मोजलं नाही. मग तो तिच्यापुढं जाऊन बसला आणि हसला. "आय, येडी का काय तू? तुजं डोळं चांगलं हायत. रीळ धुतल्याबिगार कुणालाच दिसत न्हाई. मलाबी न्हाई."

"खरं?"

"तुजी शपत."

"मग मी ह्यो डबा उघाडला, त्येनं काय बिघाडलं न्हाई न्हवं?"

"छ्या! बिघडतंय काय त्यात?" असं म्हणत तो शांतपणे रीळ गुंडाळायला लागला.

परतीच्या गाडीत लोणंद ते सातारा तो डबा मांडीवर धरून बसला. मग म्हणाला, "उद्या मुंबईला धाडतो." मी म्हटलं, "अरे, काय राहिलंय त्यात?" तर म्हणाला, "धुतल्यावर दिसंल म्हणून सांगितलंय मी तिला."

मुंबईहून रीळ येईपर्यंत बरेच महिने गेले. तोवर आक्काला नुसता उजेड आणि अंधार कळायचा, माणूस ती आवाजावरून ओळखायची. खेळ शाळेत ठेवला, दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून. सगळं गाव आलं. आत जागा उरली नाही म्हणून लोक व्हरांड्यात. बबन पण आला. रिळाचं काय झालंय, हे फक्त सर्जेरावाला आणि मला माहीत होतं. आक्काला पुढं खुर्ची दिली होती, तिच्या शेजारी मी. कुणीतरी एक जण बोलणार, आणि पोराची सगळी मेहनत आपल्या हातानं गेली हे म्हातारीला कळणार!

प्रोजेक्टर घरघरायला लागला. आक्का ताठ बसली. "हां," ती म्हणाली, "आता सिनेमा."

आणि पडद्यावर आक्काच आली. भिंतभर. उंबऱ्यात बसलेली, हातात पातीची जुडी. सगळ्यात आधी काढलेलं रिळात सगळ्यात आत गुंडाळलं जातं, आणि त्या आतल्या वेढ्यापर्यंत ऊन पोचलं नव्हतं. बोहनी तेवढी वाचली होती. "आक्का! आक्का!" सगळी शाळा ओरडली. पडद्यावरच्या आक्कानं जुडी उगारली, पदर तोंडाला लावला, आणि कडेनं उजेड आत शिरत शिरत ती त्यात विरून गेली. मग सगळं पांढरं.

घरघर तेवढी चालू. सर्जेराव प्रोजेक्टरमागून बोलायला लागला, "आय, आता वादळ्या पोती उचलतोय. घाम पुसतोय..." मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, पडदा तर को..."

"आला रं आला!" बबन व्हिडिओवाला बाकावर उभा राहून ओरडला. त्याचाच तो धंदा, त्याला एका नजरेत सगळं कळलं होतं. "उडाला! आरारारा, लुगडं बघा कसं फडाफडा वाजतंय!"

मग न्हावी ओरडला, "कुत्रं आलं, कुत्रं!" आणि मग सगळं गावच सुटलं. शूटिंग सगळ्यांनी बांधावर बसून बघितलेलं, सिनेमा सगळ्यांना पाठ. "ट्रकवरनं गेला!" "गेला, गेला, वड्याच्या पल्याड गेला!" कोऱ्या भिंतीकडं बघत माणसं शिट्ट्या मारत होती. आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. "तू पडला न्हाईस न्हवं?" ती विचारत होती, आणि मी रडत रडत सांगत होतो, "नाही आक्का, चांगला उडतोय."

दिवे लागल्यावर ती म्हणाली, "लय झ्याक काढलंस सर्जा. लय मोठं." बबननं त्यानंतर सर्जेरावापुढं डिजिटलचा विषय कधी काढला नाही.

आक्का दोन वर्षांनी गेली. दिवस झाल्यावर मी गावाकडं गेलो, तर भरदुपारी घराची खिडकी घोंगडीनं बंद. आतून घरघर. दारातून बघितलं, भिंतीवर नुसता पांढरा उजेड, आणि सर्जेराव एकटाच बसून सांगतोय, "आय, आता ट्रकवरनं चाललाय बग..."

रीळ संपेपर्यंत मी बाहेरच थांबलो. मग आत जाऊन म्हटलं, "सर्जा, पांढरं कापून टाक. बबन आक्काची डिजिटल कॉपी करून देईल. मग हवी तेव्हा बघ."

त्यानं मान हलवली. रीळ उलटं गुंडाळलं, परत चढवलं. "पांढरं ऱ्हाऊ दे. तिला सांगत बसायला त्येच लागतंय," तो म्हणाला.

"आणि आक्का? ती किती राहिलीय त्यात?"

त्यानं प्रोजेक्टरचं बटण फिरवलं. भिंतीवर आक्कानं जुडी उगारली आणि पदर तोंडाला लावला.

"पाच फूट," सर्जेराव म्हणाला. "जिती हुती तवाबी तेवढीच हुती गड्या."