आता तुझा नंबर

आधी माझ्या घशाचं कौतुक ऐकून घ्या, मग पुढचं सांगतो! पडद्यावर ओठ कुणाचेही हलोत, आवाज माझा असतो. मी टूथपेस्ट होऊन हसलोय, फ्रीज होऊन कुडकुडलोय, दुधाच्या एका जाहिरातीत तर गाय होऊन असा हंबरलोय की स्टुडिओबाहेरचं वासरू लुचायला आत आलं असतं! चेहरा मात्र असा की आमच्याच इमारतीचा वॉचमन अजून विचारतो, "कुणाकडे जायचंय?"

तर, बुटांची जाहिरात. शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी पांढरेशुभ्र बूट. सगळ्यात मोठा हिरो एका रिकाम्या कॉरिडॉरमधून लोखंडी पहार फरशीवर ओढत येतो. कर्रर्र... कर्रर्र... मागे माणसं आडवी पडलेली. बुटांवर एक डाग नाही! शेवटचा माणूस भिंतीला पालीसारखा चिकटलेला. हिरो मान जराशी डावीकडे कलती करतो आणि कुजबुजतो, "आता तुझा नंबर."

हिरोला डबिंगला वेळ नव्हता. मला सर्दी झाली होती. घसा खरवडलेल्या पातेल्यासारखा! मी एका दमात ते तीन शब्द टाकले. काचेपलीकडे दिग्दर्शक दंड चोळत म्हणाला, "काका, काटा आला!"

"मग बूट खपले म्हणून समजा!" मी म्हणालो.

घरी ऐकवलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "या आवाजात चहा मागायचा नाही." नववीतली लेक माझा फोन घेऊन खोलीत गेली आणि तेच परत परत ऐकत बसली. मला वाटलं, बापाचा अभिमान!

मग मी सगळीकडे झालो. लिफ्टमध्ये कुणाच्या तरी खिशातून कुजबुजू लागलो, औषधाच्या दुकानात टीव्हीवरून. एकदा आंघोळीला बसलो होतो, तोंडाला साबण, आणि खिडकीबाहेरून माझाच आवाज आला, "आता तुझा नंबर." स्वतःलाच "कोण आहे?" असं ओरडून विचारणारा जगातला पहिला माणूस मीच असेन! बाहेर पोरांची पावलं वाजली. पोरं खोड्या काढून पळतात तेव्हा खिदळतात. ही खिदळली नाहीत.

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकली. दातांच्या डॉक्टरांनी ती उपटली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि म्हणाले, "जाताना बाहेरच्या पेशंटला आत पाठवा हं." मी पडलो सज्जन! बाहेर एक लेकीच्या वयाचा मुलगा आईशेजारी बसला होता. अर्धं तोंड बधिर, सर्दी पुन्हा तशीच, जबडा दुखतो म्हणून मान डावीकडे कललेली. मी वाकलो आणि प्रेमाने म्हणालो, "आता तुझा नंबर."

मुलगा किंचाळला नाही. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हळूच म्हणाला, "इथेपण?"

तेवढ्यात डॉक्टर "कोण आहे पुढचं?" करत बाहेर आले. हातात पक्कड! मुलाने ती पक्कड पाहिली, मला पाहिलं आणि दार ढकलून जो सुटला! त्याच्यामागे मी, माझ्यामागे त्याची आई, तिच्यामागे पक्कड घेतलेले डॉक्टर!

"बाळा, थांब! घाबरू नकोस!" मी ओरडलो. ओठांतून रक्ताळलेला कापूस लोंबत असताना हे वाक्य कुणी ओरडू नये!

आईने मला गाठलंच. पर्स पाठीत घातली. "माझ्या पोराला धमक्या देतोस?"

"अहो बाई, जाहिरातीतला तो आवाज माझाय!"

"म्हणजे मुळात तूच!" पर्सचा दुसरा फटका.

कोपऱ्यावरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. मुलगा तिथे शिरला आणि खेळ थांबला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. एकेक जण वळला. बॅटी, स्टंप, जे हातात होतं ते सिमेंटच्या पिचवरून ओढत ती पुढे आली. कर्रर्र... कर्रर्र... भर उन्हात! सगळ्यांच्या माना डावीकडे. मुलाभोवती गोल झाला आणि त्या गोलातून माझा आवाज निघाला. एक नव्हे, वीस-पंचवीस मी!

"आता तुझा नंबर."

डॉक्टरांची पक्कड खाली पडली. आई माझ्या दंडाला धरून उभी राहिली. क्षणापूर्वी मला बडवणारी बाई!

गोलात सगळ्यात पुढे एक मुलगी होती. हातात स्टंप. मान कलती, डोळे काचेच्या गोट्यांसारखे. माझी लेक होती ती. माझ्याकडे पाहिलं तिने, पण वॉचमन पाहतो तसं!

"घरी चल," मी म्हणालो. निघाला तोच आवाज! पोरांचे चेहरे उजळले. "तेच आहेत! काका, परत म्हणा ना!"

मी कापूस थुंकला, गोल फोडून आत गेलो आणि मुलासमोर उकिडवा बसलो. म्हणायचं खूप होतं, पण तोंड उघडायची भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच! मी नुसते हात जोडले. मजा गेली तशी पोरं एकेक करत पांगली.

लेक उरली. "का गं?" मी विचारलं.

"शाळेत जो हे म्हणत नाही ना बाबा, त्याचाच नंबर लागतो."

"याच्याआधी कुणाचा होता?"

ती स्टंपकडे बघत राहिली. "माझा."

मी तिला हात धरून घरी आणलं आणि जाहिरातवाल्यांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. "थांबवा ती जाहिरात!"

पलीकडचा साहेब हरखून म्हणाला, "मुलगा पळाला? खरंच? कुणी व्हिडिओ काढला का हो?"

मी फोन ठेवला. पुन्हा त्यांच्याकडे पाऊल टाकलं नाही. जाहिरात अजून चालूच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि मी त्या मुलाच्या दारात उभे राहिलो. आईने साखळी न काढता फटीतून पाहिलं. मी घसा खाकरला. लेकीने माझ्या पायावर पाय दिला.

"मावशी," ती म्हणाली, "तो घरीच बसलाय ना? माझ्याबरोबर शाळेत येऊ दे. कुणी काही म्हणालं तर आम्ही दोघं असू."

मग साखळी निघाली. मुलगा दप्तर घेऊन उंबऱ्यात आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येतो," तो म्हणाला. "पण तुझे बाबा बोलणार नसतील तरच."

तेव्हापासून रोज सकाळी ती दोघं पुढे चालतात. दहा पावलं मागे मी. मुकाट!