तळघराची डबी गच्चीवर

सत्याला सामोरे जाण्यास सुजाण नागरिक कधीही कचरत नाही. फक्त सत्य कुठल्या मजल्यावर मोजायचे, एवढे त्याला आधी ठरवू द्यावे.

रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही (आणि वसाहत समितीची परवानगीही नाही). तो बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षे फुप्फुसांचे वाटोळे करतो. म्हणून आरोग्य खात्याने घरोघरी हा वायू मोजणारी एकेक डबी वाटली. घरातल्या सर्वांत खालच्या खोलीत, दारेखिडक्या लावून ती आठवडाभर ठेवायची. आकडा शंभराच्या आत यावा.

वसाहतीच्या चिटणीसांनी तातडीने सभा घेतली. "पाहुण्याला कुणी अडगळीत बसवतं का?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. दंतवैद्यांनी डबी बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसवली. वकिलांनी पाण्याच्या टाकीवर. शिवणकामवाल्या बाईंनी फ्रिजमध्ये (नासू नये म्हणून). खुद्द चिटणीसांनी गच्चीतल्या दोरीला, चिमट्याने.

निकाल शंभर टक्के लागला. चिटणीस आठ गुण मिळवून पहिले आले. (कमी गुणवाला पहिला, अशी ही एकमेव परीक्षा. अनेकांचा शाळेतला सराव कामी आला.) खात्याने दिलेली बक्षिसाची ढाल त्यांनी तळघरातल्या कपाटावर ठेवली.

त्याच आठवड्यात चिटणीसांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. तिच्यासाठी तळघराचीच खोली झाडून ठेवली होती.

"पाळणा खाली नेते हं," चिटणीसांची बायको म्हणाली.

"नको."

"अहो, आपला आकडा आठ ना?"

"आठच. पण तो गच्चीचा."

"मग खालचा किती?"

"खालचा मोजलेला नाही. म्हणजे अधिकृतपणे तिथे वायूच नाही."

"बरं. मग नातवाला अधिकृतपणे कुठं झोपवू?"

चिटणीसांचा चहा निवला. खाली पुन्हा मोजावे, तर पहिला नंबर जातो. न मोजता बाळाला तिथे झोपवावे, तर जीव थाऱ्यावर राहात नाही. शेवटी त्यांनी शास्त्राला धरून निर्णय घेतला: आठ आकडा जिथे आला, तिथेच राहायचे. पाळणा गच्चीवर गेला.

वसाहतीने तो पाहिला, आणि जे समजायचे ते समजली. संध्याकाळपर्यंत दंतवैद्यांच्या आईची गादी झोपाळ्यावर आली. वकील शिडी लावून टाकीवर चढले. शिवणकामवाल्या बाई नि त्यांचे यजमान आळीपाळीने उघड्या फ्रिजसमोर बसू लागले. "डोकं तरी आत असू दे," बाई म्हणाल्या. जिथे चाचणी, तिथेच वस्ती, अशी ही एकमेव वसाहत असल्याचे खात्याने कौतुकाने कळवले.

तिसऱ्या दिवशी बाळ शिंकले. मुलगी तडक तळघरात उतरली.

"बाबा, इथं एक खिडकी होती ना?"

"आहे की. कपाटामागे."

"मग कपाट सरकवू या. उघडली की वायू बाहेर जाईल."

"त्याला चार माणसं लागतील गं," चिटणीस म्हणाले. "आणि सगळे आपापल्या जागी आहेत."

मुलगी बाळाला घेऊन सासरी परत गेली. वाचकहो, अशी एक खिडकी तुमच्याही घरात आहे. तिच्यापुढे काय ठेवलंय, ते आठवून पाहा. चिटणीसांच्या कपाटाला चाकं होती.