सप्त्याची कढई आणि पूर्ण गुण

आपत्ती कोणाला सांगून येत नाही. तिचं मूल्यमापन करणारं पथक मात्र आठवडाभर आधी कळवून येतं. त्यामुळे आपत्तीपेक्षा पथकाची तयारी करणं केव्हाही शहाणपणाचं. आमच्या गावानं ते केलं.

उन्हाळ्यात पुराची रंगीत तालीम झाली. ओढा कोरडा, म्हणून रबरी बोट चौघांनी उचलून शाळेच्या मैदानातून नेली. 'वाचवलेले बालक' म्हणून माझ्या तान्ह्या लेकीची निवड झाली (ती अनोळखी माणसांकडे बघूनही हसते). मी सरपंच दत्तरावांना विचारलं, "खऱ्या पाण्यात जमेल ना हे?"

"सूनबाई, आधी फोटो तर होऊ द्या," ते म्हणाले.

भाद्रपदात ओढा घरात शिरला. बोट पंचायतीच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली दत्तरावांच्या खिशात आणि दत्तराव ताडकळसच्या बाजारात. लेकीला छातीशी धरून मी आधी ओट्यावर चढले, मग पलंगावर, मग पलंगावर ठेवलेल्या पेटीवर. तेवढ्यात माझे सासरे, मुंजाजीमामा, देवळातली सप्त्याची कढई पाण्यावर ढकलत आले.

"बस हिच्यात. हलू नको. गावजेवणाची भाजी पेललीय हिनं, तुमी दोघी काय जड हाव?"

आम्ही उंचावरच्या देवळात पोचलो.

पाणी ओसरल्यावर पथक आलं. निकष सुस्पष्ट होते. बोटीची स्थिती: ओरखडाही नाही, पूर्ण गुण. कुलूप: शाबूत, पूर्ण गुण. कढईकडे तरंगण्याची परवानगी आढळली नाही, म्हणून ती सील करून बोटीशेजारीच ठेवली.

"आणि माझी लेक?" मी विचारलं.

"ती उन्हाळ्यातच वाचलीय, मॅडम. एकच बालक दोनदा दाखवता येत नाही."

"मग म्या कढईत काय भाजी आनली का?" मामा म्हणाले. (हा अभिप्राय विहित नमुन्यात नव्हता.)

अहवालाच्या मुखपृष्ठावर बोटीतल्या लेकीचा मैदानातला फोटो आहे. नागरिकांचे समाधान: अठ्ठ्याण्णव टक्के. पुरावा म्हणून, हा फोटो मोबाइलवर फिरला तेव्हा त्याला मिळालेले अंगठे मोजलेत.

आज पुन्हा आभाळ भरून आलंय. दत्तराव किल्लीसकट बाजाराला निघालेत, कढई कुलपात आहे आणि मी पायात चपला घालूनच लेकीला पाजायला बसलेय.

त्या अंगठ्यांत एक तुमचाही आहे. बाळ गोड आहे, हे मान्यच. बोटीखाली पाणी आहे का, एवढं मात्र तुमचं बघायचं राहिलं.