भामरे सरांचे खैरनार

प्रोग्रामच्या एका ओळीची दुरुस्ती भामरे सर आठवडाभर पुरवायचे, लोणच्याची बरणी पुरवावी तशी. सोमवारी त्या ओळीतलं एक नाव बदलायचे आणि तपासायला पाठवायचे. मंगळवारी त्याच ओळीवरची जुनी टीप काढायचे आणि पाठवायचे. खऱ्या दुरुस्तीला गुरुवार उजाडायचा. तोवर मी आख्खा रिपोर्ट लिहून, तपासून, गिऱ्हाइकाची बोलणीही खाऊन मोकळी झालेली असायचे. सर, एकदमच पाठवा ना, म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "घाई काय शे?"

सर सटाण्याकडचे. एरवी बोलतात आपल्यासारखंच, पण खुशीत असले किंवा हट्टाला पेटले की त्यांचा अहिराणी 'शे' डोकं वर काढतो. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांना फोन येतात ते फक्त कर्ज देणाऱ्या मुलींचे. तुम्ही-आम्ही ते कापतो. सर उचलतात, कर्ज नको असल्याचं नम्रपणे सांगतात आणि मग विचारतात, ताई, तुमचं जेवण झालं का? त्यातल्या एकीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं पार पडलं, हे आमच्या आख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

आमची कंपनी इंदिरानगरात आहे आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर विकते. रस्त्यापलीकडच्या इमारतीतली कंपनीही पतसंस्थांनाच सॉफ्टवेअर विकते. म्हणजे हाडवैर आलंच. त्यांचा माणूस चहाच्या टपरीवर दिसला की आमची मंडळी एकदम गप्प होतात, जणू कटिंगचा भावसुद्धा कंपनीचं गुपित आहे.

एका बाबतीत मात्र दोघांनी शहाणपणा केला. पतसंस्थेची माहिती डेटाबेसमध्ये रकान्यांत आणि ओळींत पडलेली असते. आमच्या प्रोग्रामला कळतात ते खातेदार, ठेवी, जामीनदार. त्यामुळे मध्ये एक दुभाषी लागतो, कोणता रकाना म्हणजे खातेदाराचं काय ते जुळवून देणारा. हा दुभाषी दोन्ही कंपन्या वेगवेगळा लिहीत होत्या आणि नेमक्या एकाच ठिकाणी ठेचकाळत होत्या. शेवटी दोघांनी मिळून एकच लिहायचं ठरवलं आणि तो इंटरनेटवर सगळ्या जगाला खुला ठेवला. ओपन सोर्स, कुणीही न्या, कुणीही वापरा. एकमेकांवर विश्वास नव्हताच, म्हणून एक नियम केला. आमच्या माणसाने केलेला बदल त्यांच्या माणसाने तपासून मंजूर करायचा आणि त्यांचा आमच्या माणसाने. आमच्याकडून हे काम भामरे सरांकडे आलं आणि त्यांच्याकडून खैरनार नावाच्या गृहस्थांकडे.

खैरनारांना सरांनी कधी पाहिलेलं नाही. रस्ता ओलांडला की झाली भेट, पण सरांनी तो कधी ओलांडला नाही. मात्र दिवसभर तोंडात खैरनार. हे खैरनारांना पटणार नाही. खैरनारांना प्रोग्राममध्ये लांबलचक नावं आवडत नाहीत. आज खैरनारांना सर्दी झालेली दिसते. सर्दी कशी कळली, तर म्हणे उत्तरं तुटक आहेत. नवऱ्याची सर्दी त्याला शिंक आल्याशिवाय मला कळत नाही आणि हे टाइप केलेल्या अक्षरांवरून नाडी बघणार. आम्ही खूप हसायचो. सरही हसायचे.

मग एक दिवस मी शेजारच्या खुर्चीवरून सगळं पाहिलं. सरांनी बदल लिहिला, चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. त्यानंतर ते पुन्हा आत शिरले आणि एक चांगली बरोबर असलेली अट त्यांनी उलटी करून ठेवली. पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवलेलं. मला वाटलं, कामाच्या नादात हात चुकला असेल. मी त्यांना तसं सांगितलं.

सर दचकले. "राहू द्या, मॅडम. खैरनार पकडतील."

"म्हणजे मुद्दाम केलंत?"

ते जरा वेळ रुमालाने कीबोर्ड पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळं बरोबर असलं की ते नुसती मंजुरीची हिरवी खूण करतात अन् जातात. चूक असली की लिहितात. 'भामरे, हे बघा', असं नाव घेऊन लिहितात."

आम्ही त्यांना सर म्हणतो, कर्जवाल्या मुलीही सरच म्हणतात आणि घरी हाक मारायला कुणी नाही. त्यांना नुसतं भामरे म्हणणारा या शहरात एकच माणूस होता आणि तो समोरच्या कंपनीत होता. त्या दिवसानंतर मला खैरनारांवरून हसू येईनासं झालं.

पुढे घोटीच्या तांदूळ व्यापाऱ्यांची पतसंस्था आमच्या हातून सुटली आणि समोरच्यांना मिळाली. साहेब भडकले. आपली माणसं त्यांच्या माणसांशी रोज बोलतात, तिथूनच सगळं फुटत असणार, असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं. ओपन सोर्स वगैरे बंद, दुभाष्याची आपली वेगळी प्रत करायची.

बैठकीत भामरे सर चहा पिण्यापुरतंच तोंड उघडतात. त्या दिवशी ते उभे राहिले. एका कंपनीला सापडलेला खड्डा दुसरीला आपोआप बुजवून मिळतो, वेगळे झालो की प्रत्येक खड्ड्यात आपल्याला स्वतः पडावं लागेल, हे त्यांनी उदाहरणं देऊन देऊन सांगितलं. शेवटी म्हणाले, "साहेब, वाटलं तर मला काढा त्यातून. पण हे तोडू नका."

साहेबांना ते पटलं. जरा जास्तच पटलं. त्यांनी समोरच्या मालकांना फोन लावला आणि मधला मार्ग काढला. दुभाषी दोघांचा एकच राहील, पण आपला बदल आपल्याच माणसाने तपासायचा आणि पलीकडे तयार माल पाठवायचा. कुणी कुणाशी बोलायला नको. सरांनी कंपनीचं मोठं नुकसान टाळलं म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, चला, आत्ता जाऊन खैरनारांना भेटू, मी येते बरोबर. सर खिडकीतून पलीकडची इमारत बघत होते. "समोर उभं राहिलं की ते त्यांच्या कंपनीचे अन् मी आपल्या," ते म्हणाले. "काय बोलणार?"

आता सरांचे बदल माझ्याकडे तपासायला येतात. पहिला आला तेव्हा मी सगळी कामं बाजूला सारली. चूक सापडली की चांगलं भरपूर लिहायचं, सरांना नुसतं 'भामरे' म्हणायचं, मग त्यांना ते कितीही आगाऊपणाचं वाटो, असं मी ठरवूनच बसले होते. बदल वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. एकेक अट उलटसुलट करून पाहिली, चाचण्या चालवल्या. चूक कुठेच नव्हती. माझ्यासाठी त्यांनी एकही ठेवली नव्हती.

मला आधी राग आला आणि मग फार वाईट वाटलं. सर शेजारीच बसून दुसरं काहीतरी करत होते. मी हिरवी खूण केली.